तिसरा गोलकीपर

ही वही रियाच्या गणिताची आहे. पुढची पानं तिने वापरली आणि मागची कोरी राहिली, म्हणून मी घेतली. हिच्यातल्या चौकटी लहान आणि माझं अक्षर मोठं, त्यामुळे एकेक अक्षर शेजारच्याच्या घरात शिरलेलं दिसेल. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे हे मला अजून ठरवता येत नाही. जिकडे जागा दिसते तिकडे देते. आमच्या गावात चौथीनंतर शाळा नव्हती, आणि पुढे लिहायची वेळ आली ती वाण्याच्या यादीपुरती. यादीत साखर कशीही लिहिली तरी साखरच येते. तेव्हा कोणी हे चुकून वाचलंच, तर माफ करावं, आणि वाचलं हे मला सांगू नये. मला लाज वाटते.

लिहायचं आहे ते एका गोलकीपरबद्दल. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण त्या खेळातला एक गोल माझ्या नावावर आहे. तो कसा, ते सांगते.

अमेरिकेत मॉरिसव्हिलला मुलाच्या घरी येऊन मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. माझी नात रिया जिथे सॉकर शिकते, तिथून सगळ्या पालकांना ईमेल आली. इथल्या एका लहान व्यावसायिक संघातल्या तरुण खेळाडूंना राहायला घरं हवी होती. एक खोली आणि घरचं जेवण, एका सीझनपुरतं. इकडे ही पद्धत आहे. संघ लहान, पगार लहान, म्हणून खेळाडू लोकांच्या घरी ठेवतात. सुनेने मला विचारलं, "आई, तुम्हाला चालेल ना?" मला विचारलं की चालतंच. न विचारता केलं तरी चालतं, पण सून चांगल्या वळणाची आहे, ती विचारते.

आला तो युक्रेनचा. एकवीस वर्षांचा, आणि इतका उंच की समोर उभी राहिले तर मला त्याच्या शर्टावरचा नंबर वाचता यायचा, चेहरा नाही. बाराव्या वर्षापासून तो फुटबॉलच्या वसतिशाळेत वाढला होता. लढाई सुरू झाली तेव्हा सतराचा होता. आई त्याला घेऊन पोलंडला गेली आणि तिथल्या एका हॉटेलात चादरी धुवायला लागली. पुढे कुणा एजंटाने त्याला इकडे आणलं. हे सगळं त्याने पहिल्या दिवशी जेवताना सहा-सात वाक्यांत सांगितलं आणि वर म्हणाला, "आता मला पुन्हा विचारू नका." कोणी विचारलं नाही.

घरात सगळे मला आई म्हणतात, म्हणून त्याला ते माझं नावच वाटलं. मोठ्या बाईला नुसतं नावाने हाक मारणं बरं नाही, म्हणून तो मला "मिसेस आई" म्हणायला लागला. मुलाने समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "ठीक आहे, समजलं," आणि संध्याकाळी पुन्हा, "मिसेस आई, भात आहे का?"

आमचं दोघांचं जमण्याचं एक कारण म्हणजे त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकाच इयत्तेतलं. मुलगा आणि सून घरात बोलायला लागले की अर्धं मराठी आणि अर्धं इंग्रजी इतकं भरभर येतं की मी नुसती मान हलवते. तो माझ्याशी एक शब्द बोलायचा, थांबायचा, मग दुसरा शोधायचा. तोवर मला पहिला समजलेला असायचा.

तो संघातला तिसरा गोलकीपर होता. म्हणजे काय ते रियाने मला सांगितलं. गोलकीपर एकच खेळतो. दुसरा बाकावर बसतो, पहिल्याला काही झालं तर लागेल म्हणून. तिसरा बाकावरही बसत नाही. आठवडाभर तो सरावाला जातो, बाकीच्यांकडून चेंडू मारून घेतो आणि शनिवारी प्रेक्षकांत बसून सामना बघतो.

"मग याला पगार कशाचा?" मी विचारलं.

"आजी, ही इज लाइक द बॅकअप ऑफ द बॅकअप."

मला एकदम बरं वाटलं. ज्याची गरज पडू नये अशी सगळ्यांची इच्छा असते असं घरात आता आणखी एक माणूस आलं होतं.

फक्त एवढंच की तो स्वतःला तसं समजत नसे. खेळायला मिळो न मिळो, शनिवारी सकाळी तो दाढी करायचा, नखं कापायचा आणि कुणाशी बोलायचा नाही. प्रेक्षकांत बसायला जाताना इतकी तयारी! मी सुनेला म्हटलंसुद्धा, "हा दर शनिवारी बाशिंग बांधून बसतो आणि वरात दुसऱ्याची निघते." सून हसली. मग मला माझीच लाज वाटली, कारण मीही रोज सकाळी सहाला आंघोळ करून, नीट वेणी घालून, कुठेही न जाता संध्याकाळपर्यंत बसलेली असते.

त्याला खोटं बोलता येत नसे. येत नसे म्हणजे तशी सवयच नव्हती. सुनेने एकदा मोठ्या हौसेने पनीर केलं आणि विचारलं, "कसं झालंय?" तो म्हणाला, "मीठ जास्त." मीठ जास्त होतंच, पण आम्ही तिघं ते कौतुकाने गिळत होतो. माझ्या पोळ्यांना म्हणायचा, "चांगल्या. काल जास्त चांगल्या होत्या." पहिल्यांदा मला राग आला. मग मी गुपचूप कालच्यासारख्या करायला लागले. बेचाळीस वर्षं पोळ्या लाटते आहे, पण काल आणि आज यांत फरक असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सरावाहून आला तरी त्याचं भागत नसे. एकदा मी बटाटे निवडत होते. तो समोर उभा राहिला आणि म्हणाला, "मिसेस आई, फेका."

"काय फेकू?"

"बटाटा. माझ्याकडे. जोरात."

मी आजवर जोरात काही फेकलेलं नव्हतं. मी बटाटा असा टाकला की तो माझ्याच पायावर पडला. "अगेन," तो म्हणाला. दुसरा फ्रिजला लागला. "अगेन." मग आम्ही मागच्या अंगणात गेलो. पदर खोचून मी बटाटे फेकते आहे आणि कुंपणापाशी हा एवढा मोठा मुलगा डावीकडे-उजवीकडे झेपावतो आहे. पलीकडच्या अमेरिकन बाई कुत्र्याला घेऊन उभ्याच राहिल्या. मी लाजून आत पळाले तर हा मागून ओरडतो, "मिसेस आई! अजून सात बाकी!" रोज वीस, असं त्याने ठरवून टाकलं होतं. मला न विचारता, आणि तेही मला चाललं.

एक महिन्याने तो म्हणाला, "तुम्ही फेकण्याआधी बघता. जिकडे बघता तिकडे फेकता. मला कळतं. दुसरीकडे बघा." आता सांगा, बासष्टाव्या वर्षी मी बटाटा फेकताना फसवायचं कसं हे शिकले. पहिल्यांदा त्याला फसवलं तेव्हा बटाटा त्याच्या कानावर बसला. मी "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला, आणि तो कान चोळत म्हणाला, "गुड." त्याच्या तोंडून "गुड" मी एकूण चार वेळा ऐकलं. त्यातलं हे पहिलं.

आता हातमोज्यांकडे येते. इतका वेळ टाळत होते.

जुलैत पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलं. दुसऱ्याला पुढच्याच सामन्यात लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं, म्हणजे त्याच्या पुढच्या सामन्यात तो खेळू शकणार नव्हता. त्या शनिवारी आमचा तिसरा खेळणार होता. मुलाने मला नीट समजावलं, "आई, त्याचं कॉन्ट्रॅक्ट ऑक्टोबरपर्यंत आहे. पुढे ठेवायचं की नाही हे ते एवढ्या एका मॅचवरून ठरवतील. नाही ठेवलं आणि दुसऱ्या कुठल्या टीमनेही नाही घेतलं, तर व्हिसा संपला. मग त्याला अमेरिका सोडावी लागेल." कुठे जाईल, हे मी विचारलं नाही. त्याने पुन्हा विचारू नका म्हटलं होतं.

शुक्रवारी त्याने सामन्यासाठी जपून ठेवलेले नवे हातमोजे कपाटातून काढले, ओले केले आणि कपडे धुवायच्या खोलीत टांगून ठेवले. मी तिथे टॉवेल आणायला गेले आणि मोजे हातात घेऊन बघितले. तळव्याला चिकट लागले. चांगलेच चिकट. मला वाटलं, सरावात कसला तरी डिंक नाहीतर च्युइंगम लागलं असेल. एवढा मोठा दिवस, आणि पोराचे मोजे असे! मी ते भांड्यांच्या साबणाने गरम पाण्यात खसखसून धुतले. तरी चिकटच. आता चिकट वस्तूचं काय करायचं हे मला कोणी शिकवायला नको. पुरणपोळी पोळपाटाला चिकटायला लागली की आपण काय करतो? मी तांदळाची पिठी घेतली, दोन्ही तळव्यांना चोळून लावली आणि मोजे ड्रायरमध्ये फिरवले. बाहेर काढले तेव्हा असे गुळगुळीत झाले होते की मला समाधान वाटलं. घडी घालून मी ते त्याच्या पिशवीवर ठेवून दिले.

गोलकीपरचे मोजे चिकटच असावे लागतात, चेंडू धरायला. त्यासाठीच ते महाग असतात. हे मला शनिवारी सकाळी कळलं.

त्याने मोजे हातात घेतले, वास घेतला, बोटांनी चोळून बघितले. "कोणी?"

मी गप्प बसू शकले असते. मुलगा म्हणाला असता, ड्रायरमध्ये चुकून गेले असतील. पण इतके दिवस त्याच्या समोर जेवून माझीही सवय बिघडली होती. मी म्हटलं, "मी."

"आई! तुम्ही कशाला हात लावलात?" सून म्हणाली.

तो नळाखाली मोजे धूत राहिला. सरावाचे जुने मोजे तर फाटलेले होते, आणि दुसऱ्या कुणाचे त्याला बसत नसत. त्याचा पंजा माझ्या भाकरीएवढा. शेवटी तेच मोजे घेऊन तो गेला.

आम्ही सगळे सामन्याला गेलो. मी अर्धा वेळ डोळ्यांवर पदर धरून बसले होते, त्यामुळे त्याने अडवलेले चांगले चेंडू मी बघितलेच नाहीत. रिया शेजारून सांगत होती. नेमका पदर काढला तेव्हा समोरून एक चेंडू सरळ त्याच्या हातात आला. मी टाळी वाजवायला हात उचलले. चेंडू त्याच्या हातांतून ओल्या साबणासारखा निसटला आणि आत गेला. माझे हात तसेच वर राहिले. आमचा संघ दोन-एकने हरला.

रविवारी सकाळी तो नाश्त्याला आला. रात्रभर मी वाक्य जुळवून ठेवलं होतं. मी विचारलं, "गोल... माझ्या मोज्यांमुळे?"

कोणीही चांगला माणूस म्हणाला असता, छे हो, तसं काही नाही. तो विचार करायला लागला. टोस्ट खाऊन होईपर्यंत विचार करत होता. मग म्हणाला, "पहिला गोल, माझी चूक. दुसरा गोल, मोजे."

आणि पाणी पिऊन म्हणाला, "एकशे चाळीस डॉलर."

मुलाने लगेच पाकीट काढलं. "ऑफ कोर्स, मी देतो."

"तुम्ही धुतले का?" त्याने विचारलं.

"नाही, पण..."

"मग मिसेस आई देतील. घाई नाही. मी जायच्या आधी."

तो सरावाला गेल्यावर घरात स्फोट झाला. सून म्हणाली, "हद्द झाली! आपण याला जेवायला घालतो, रूम देतो, आणि हा आईंकडून पैसे मागतो? मी उद्याच ईमेल करते, होस्टिंग कॅन्सल!" रिया म्हणाली, "दॅट्स सो मीन!" मुलगा म्हणाला, "आई, तू टेन्शन घेऊ नकोस. मी तुझ्या हातात देतो, तू त्याला दे. त्याला काय कळतंय?"

माझ्या तोंडून निघालं, "मी देणार आहे. माझे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगायचं तर त्यात शौर्य काही नव्हतं. त्याने विचारलं असतं, "हे कोणाचे?" तर मी काय सांगितलं असतं, या भीतीने मी बोलले होते. पण आणखी एक गोष्ट होती, ती मी कोणाला सांगितली नाही. नवरा होता तेव्हा माझं नुकसान तो भरायचा. मग मुलगा भरायला लागला. भांडं फुटलं, पैसे हरवले, विमानतळावर सामान जास्त भरलं, की "असू दे, आईचं काय एवढं!" माझ्याकडून पैसे येणं आहे असं मला आजवर कोणी समजलंच नव्हतं.

पण आणायचे कुठून? आमच्या गल्लीतल्या नागपूरच्या वहिनी नेहमी म्हणायच्या, "काकू, तुमच्या ज्वारीच्या भाकरी विकत द्या ना." मी धीर करून दहा भाकरी नेऊन दिल्या. त्यांनी विचारलं, "किती झाले?" आणि मी म्हटलं, "द्या हो काहीही, घरचंच आहे." त्यांनी मला वाटीभर दुधी हलवा दिला.

मी तो घेऊन घरी आले. त्याने हलव्याकडे बघितलं. "हे डॉलर नाहीत."

"मला मागता येत नाही," मी म्हटलं.

त्याने हलवा खाल्ला, सगळा, आणि मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. "मी गिऱ्हाईक. हॅलो, मिसेस आई. हाऊ मच?"

"काहीही द्या..."

"अगेन. हाऊ मच?"

"एक डॉलर... पण नसले तर..."

"अगेन."

रोजच्या वीस बटाट्यांनंतर हे सुरू झालं. मी किंमत सांगताना खाली बघते, म्हणून मला डोळ्यांकडे बघायला लावायचा. त्याच्या डोळ्यांकडे बघायचं तर मान इतकी वर करावी लागे की घसा ताणून आवाज आपोआप मोठा निघायचा. पंधरा दिवसांनी मी वहिनींच्या दारात जाऊन म्हटलं, "एक भाकरी एक डॉलर, दहा भाकरी दहा डॉलर." बहुतेक मी ओरडले, कारण त्या दचकल्या. पण दिले.

पैसे मी त्याला रविवारी सकाळी द्यायची. एकदा संध्याकाळी द्यायला गेले तर त्याने हात मागे घेतला. अंधार पडल्यावर पैसे घ्यायचे नाहीत, घरातलं जातं, असं त्याची आजी म्हणायची. मी म्हटलं, "अरे, आमच्याकडेही दिवे लागल्यावर कुणाला काही देत नाहीत!" सुनेला हे सांगितलं तर ती म्हणाली, "छान. दोघं मिळून एक पंचांग काढा."

तो पुन्हा त्या सीझनमध्ये खेळला नाही. बोट बरं झालं, कार्ड संपलं, आणि तो परत प्रेक्षकांत जाऊन बसला. मी देवाला सांगायची, दुसऱ्या गोलकीपरला पडसं तरी होऊ दे. अशी प्रार्थना करणाऱ्या बाईचं देव काय ऐकणार! ऑक्टोबरच्या शेवटी एका सोमवारी तो जेवायला बसला आणि म्हणाला, "त्यांना मी नको." मग वाढून घेतलं आणि जेवला.

त्याच शनिवारी त्याला उत्तरेकडच्या एका संघाने दहा दिवसांच्या चाचणीला बोलावलं. घेतलं तर ठीक, नाहीतर देश सोडायचा. तिकीट आणि राहणं ज्याचं त्याने करायचं. मुलगा म्हणाला, तिकीट मी काढतो. तो नको म्हणाला. माझ्याकडे वळून म्हणाला, "मिसेस आई, साठ बाकी आहेत. गुरुवारच्या आत होतील? मला लागणार."

त्याने मला पहिल्यांदा घाई केली होती. हातात चार दिवस होते. भाकरीने ते जमलं नसतं, पण दिवाळी जवळ आली होती आणि भाजणी माझ्याकडे तयार होती. दोन दिवस मी चकल्या तळल्या. दहा चकल्यांची पिशवी, पाच डॉलर. वहिनींनी दोन घेतल्या. राहिलेल्या दहा घेऊन मी त्या दारांवर गेले जिथली माणसं मला ओळखत नव्हती.

इकडे प्रत्येक दारावर कॅमेरा असतो. घंटा वाजवली की आतून नुसता आवाज येतो, "येस?" मला वाटलं होतं, माणूस समोर असेल तर त्याच्या डोळ्यांकडे बघेन. कॅमेऱ्याच्या डोळ्यांकडे कसं बघायचं हे त्याने शिकवलं नव्हतं. पहिल्या दारावरून मी काही न बोलता परत फिरले. त्या लोकांकडे अजूनही माझा पळतानाचा व्हिडिओ असेल. दुसऱ्या दारावर म्हटलं, "चकली. होममेड. फाइव्ह डॉलर." दार उघडलं.

शेवटच्या घरात पुण्याचे एक गृहस्थ निघाले. पिशवी हातात तोलून म्हणाले, "काकू, पाच डॉलरला दहाच? न्यू जर्सीत आयसेलिनला माझ्या बहिणीकडे वीस मिळतात."

"मग तिकडून आणा," मी म्हटलं.

ते मोठ्याने हसले आणि राहिलेल्या दोन्ही पिशव्या घेतल्या.

आता तो तिकडे उत्तरेत दुसरा गोलकीपर आहे. त्यांनी त्याला ठेवून घेतलं. बाकावर बसतो. रियाला फोटो पाठवला होता, खाली लिहिलं होतं, "मिसेस आईंना सांग, बाक थंड आहे." पण त्या गुरुवारी हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यालाही नाही.

दुपारी त्याच्या बॅगा दारापाशी आल्या. मुलगा गाडीची किल्ली घेऊन उभा राहिला तर तो म्हणाला, "आधी सगळे बसा." प्रवासाला निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं, अशी त्यांची रीत. मुलगा जिन्यावर बसला, सून चपलांच्या कपाटावर, रिया बॅगेवर, मी खुर्चीत. मी त्याच्याकडे बघत होते. घाबरला होता, हाताचे पंजे गुडघ्यांवर घट्ट धरले होते.

उठल्यावर मी कमरेची पिशवी काढून पैसे त्याच्या हातात दिले. पाचाच्या नोटा, एकाच्या नोटा, काही तेलकट. तो तिथेच उभं राहून मोजायला लागला. सुनेने माझ्याकडे बघितलं. मला कळलं तिला काय वाटतंय: आता तरी हा म्हणेल, राहू दे, आई. मलाही क्षणभर भीती वाटली की म्हणेल.

तो शेवटच्या नोटेपर्यंत आला. नोटा सरळ केल्या, दुमडल्या, खिशात ठेवल्या आणि माझ्यापुढे हात केला. "फुल," तो म्हणाला. "आता काही बाकी नाही."

मी त्याचा हात हातात घेतला आणि मान वर करून त्याच्या डोळ्यांकडे बघत म्हटलं, "मोजलेस ना नीट?"

"दोनदा," तो म्हणाला.